साठ रुपयांचं डुप्लिकेट बुक आणि आमची स्टाफरूम

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी डुप्लिकेट बुक मागितलं, तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "धंदा कसला हाय मॅडम?" म्हटलं, धंदा नाही, शाळेत शिकवते. "मग पावती कुणाची फाडता ओ?" त्या दिवशी मी नुसती हसले आणि ६० रुपये दिले. आता दोन सत्रं झाली, तिसरं बुक चालू आहे, मधे एक भांडणही होऊन गेलंय. काकांना उत्तर द्यायला हरकत नाही.

आधी वस्तू. वहीच्या निम्म्या आकाराचं बुक, वर जाड करडा पुठ्ठा, पाठीला लाल कापडी पट्टी. आत पन्नास जोड्या. वरचं पान पांढरं, खालचं त्याच नंबरचं गुलाबी. पांढऱ्याला कडेने टिंबांची रेघ आहे, ते फाडून द्यायचं. गुलाबी बुकातच राहतं. मधे घालायला दोन निळे कार्बन मिळतात. पानावर छापलंय ‘मेसर्स’, ‘तारीख’, ‘मालाचा तपशील’, ‘नग’, ‘दर’, ‘रक्कम’. आम्ही शिक्षक त्या ‘मालाचा तपशील’ रकान्यात एकमेकांच्या तासाबद्दल लिहितो. ‘नग’ रकान्याचाही उपयोग होतो, ते पुढे सांगते. ‘दर’ आणि ‘रक्कम’ रिकामे सोडतो.

शाळा शहराच्या पूर्व भागात आहे. माध्यम मराठी, पण निम्म्याहून अधिक मुलांच्या घरात तेलुगू बोलतात, काहींच्या कन्नड. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. मी इतिहास आणि मराठी शिकवते, बावीस वर्षं झाली. मागच्या वर्षी आम्ही पाच जणांनी ठरवलं की आठवड्यातून एक ऑफ तास दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काढायचा आणि जे दिसलं ते लिहून द्यायचं.

तसं हे आपल्याला नवं नाही. बी.एड.ला सराव पाठ असायचे, तेव्हा बाकीचे मागे बसून पाठ निरीक्षण वही भरायचे. ‘प्रस्तावना समर्पक. फळ्याचा वापर योग्य. आवाज स्पष्ट.’ पुढच्याच्या वहीत बघून मागचा लिहायचा. फळ्याला ओला रंग होता म्हणून ज्या पाठात खडू उचललाच गेला नव्हता, त्या पाठालाही मी ‘फळ्याचा वापर योग्य’ असं लिहिल्याचं चांगलं आठवतं. नोकरीत आल्यावर तीही वही सुटली. साहेब येतात, शेरेबुकात शेरा लिहून जातात. वरून शेरा येतो, खालून मुलांच्या तोंडावर जे दिसायचं ते दिसतं. बाजूने कुणी काही सांगत नाही. बावीस वर्षांत माझा पूर्ण तास बघितलेला सहकारी एकही नव्हता, आणि मी कुणाचा बघितला नव्हता. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही इतकी वर्षं ओरडत होतो.

मग एक प्रशिक्षण झालं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, त्यातले बारा तास आम्ही तिथे भरले. नाव सांगत नाही, चहा मात्र बरा होता. तिथल्या तज्ज्ञांनी पडद्यावर सँडविचचं चित्र दाखवलं. आधी कौतुक, मधे सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. गणिताचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "ही तर पावचटणी." सोलापुरात पावचटणी खाऊन वाढलेल्या माणसाला दोन पावांत चटणी किती आणि कुठे लावलीय, हे पहिल्या घासाच्या आधी कळतं. आठवडाभर स्टाफरूममध्ये कुणी कुणाचं कौतुक केलं की समोरचा विचारायचा, "चटणी कधी येणार?"

त्यानंतर विज्ञानाच्या मॅडमनी मोबाइलवर फॉर्म बनवला. नियोजन, सादरीकरण, मुलांचा सहभाग, प्रत्येकाला एक ते पाच गुण, खाली शेऱ्याला जागा. महिनाभर सगळ्यांना सगळीकडे चार. एकदाच कुणीतरी हिंदीच्या सरांना ‘सहभाग’मध्ये तीन दिले. सरांनी खालचा शेरा वाचलाच नाही. पुढचे आठ दिवस ते फक्त तीन कुणी दिले याचा शोध घेत होते. यात त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काहींना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांत शेरा वाया गेला. मुलांच्या पेपरवर मी बावीस वर्षं दोन्ही देत आलेय, लाल शाईने. असो.

तर फॉर्म बंद पडला आणि मला वडिलांचं बुक आठवलं.

वडील चादरीच्या कारखान्यात तपासनीस होते. माझ्या लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा बघायचे. उजेडाकडे तोंड केलेल्या उतरत्या टेबलावर चादर ओढून घ्यायची, हाताचा तळवा फिरवत न्यायचा, चूक दिसली की खडूने गोल. मग डुप्लिकेट बुकात चिठ्ठी. ‘माग १४. काठापासून वीतभर आत, तिसऱ्या फुलाजवळ बाण्याचे दोन धागे सुटले.’ पांढरी चिठ्ठी मागावर जायची. विणकराचं नाव नाही, ‘लक्ष देत नाही’ नाही, ‘काम चांगले पण’ असंही नाही. माग कुठला, जागा कुठली, काय सुटलं, एवढंच. विणकर चिठ्ठी वाचून थेट त्या फुलाच्या ओळीकडे बघायचा. (वडिलांबद्दल फार हळवं व्हायला नको. गुलाबी प्रत त्यांनी ठेवली होती ती भांडणासाठी. पगारातून कापलं की विणकर वाद घालायला यायचे, मग ते बुक उघडून दाखवायचे.)

मीही गुलाबी प्रत त्याच हिशेबाने ठेवली होती. उद्या कुणी ‘तू असं म्हणालीसच नाहीस’ म्हटलं तर पुरावा.

नियम असे ठरले. तासाला बसणाऱ्याने आधी जे दिसलं ते लिहायचं, विशेषण न वापरता, मोजता येईल तिथे मोजून. ‘नग’ रकाना इथे कामाला आला. मग काय जमलं त्याची एक ओळ. मग पुढच्या तासाला करून बघण्यासारखी एकच गोष्ट. चिठ्ठी त्याच दिवशी द्यायची, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत नाही. घेणाऱ्याने त्या दिवशी फक्त ‘मिळाली’ म्हणायचं. खुलासा, कारणं, ‘आज नेमकं असं झालं’ हे सगळं दुसऱ्या दिवशी, वाटलंच तर. हा शेवटचा नियम हिंदीच्या सरांचा. ज्याला तीनचा घाव बसला होता त्यालाच तो सुचला.

माझी पहिली चिठ्ठी, नंबर ३, गणिताच्या सरांकडून आली. आठवीचा इतिहास, सोलापूरचा १९३०चा लढा. हा माझा हक्काचा तास. दर वर्षी या तासाला मी टाचणसुद्धा बघत नाही. ६ मे १९३०चा हरताळ, गिरणी कामगारांचा मोर्चा, गोळीबार, मग लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. मुलं रोज चार हुतात्मा पुतळ्यांवरून जातात आणि त्यांना नावं सांगता येत नाहीत, म्हणून मी जीव तोडून सांगते. शेवटी माझा आवाज भरून येतो, वर्ग गप्प होतो. घंटा झाली तेव्हा मी सरांकडे बघितलं तेही थोडं कौतुकाच्या अपेक्षेनेच.

चिठ्ठी अशी होती:

‘मालाचा तपशील: विचारलेले प्रश्न. नग: १९. त्यात थांबून उत्तर घेतले: २. बाकी १७ ची उत्तरे तुम्हीच दिलीत. 
खिडकीकडची मागची तीन मुले ३५ मिनिटांत वर्गाशी एकदाही बोलली नाहीत. आपसात तेलुगूत बोलत होती, धड्याबद्दलच. तुम्ही दोनदा ‘गप्प बसा’ आणि एकदा ‘मराठीत बोला’ म्हणालात.
जमलं: नावे फळ्यावर लिहून ठेवलीत, मुले ती बघून वहीत लिहीत होती.
एक गोष्ट: प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा.’

मी ‘मिळाली’ म्हटलं. चिठ्ठी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली आणि चार दिवस काढली नाही. मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. गणितवाल्याला इतिहास काय कळतो. मग, हे स्वतः तेलुगू, म्हणून त्यांना तेवढंच ऐकू आलं. मग, चौघांच्या फाशीच्या तासाला बसून माणूस प्रश्न कसले मोजतो.

पुढचा तास तर त्याहून वाईट गेला. मी प्रश्न विचारायचे आणि स्वतःलाच ऐकत बसायचे. मुलांकडे लक्षच नाही. पुढे वाचनात आलं की हे माझ्याच बाबतीत घडलेलं नाही. क्लुगर आणि डीनिसी या दोघांनी १९९६ मध्ये अभिप्रायाबद्दलचे तोवरचे अभ्यास एकत्र करून, सहाशेहून अधिक निष्कर्ष ताडून पाहिले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून माणसाच्या स्वतःवर गेलं, की घसरण होते. वडिलांच्या चिठ्ठीत मागाचा नंबर असायचा, हे तेव्हा पुन्हा आठवलं.

पाचव्या दिवशी चिठ्ठी काढली आणि यावेळी नुसते आकडे वाचले. १९, २, १७. त्यांच्याशी भांडता येईना. तीन आकडे मोजायला लागले. वर्गासमोर उभं राहून मनात एक, दोन, तीन म्हणणं किती अवघड आहे ते ज्याला शिकवायची सवय आहे त्यालाच कळेल. दोनपर्यंत आलं की वाटतं वर्ग कोसळणार, साहेब दारात उभे असणार. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण सेकंदभरच थांबतात, आणि तेच तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. १९७०च्या दशकातलं काम आहे. बी.एड.ला ते आम्हाला कुणी सांगितलं असेलही. वहीत ‘आवाज स्पष्ट’ लिहिण्यात ते निसटलं असणार.

त्या तीन मुलांचं तर वेगळंच निघालं. मी एकदा सरांना विचारलं, ते नेमकं काय बोलत होते? सर म्हणाले, "एक विचारत होता, ‘लष्करी कायदा अंटे एमि?’ म्हणजे लष्करी कायदा म्हणजे काय. दुसरा त्याला सांगत होता की पोलिसांच्या जागी मिलिटरी येते. बरोबर सांगत होता ओ." आणि बरोबर याच क्षणी मी ‘मराठीत बोला’ म्हणून त्यांना गप्प केलं होतं. आता मी प्रश्न दिला की आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला म्हणते, कुठल्याही भाषेत, मग मराठीत सांगा. त्यातला एक मुलगा, जो वर्षभरात हजेरीला ‘हजर’ सोडून काही बोलला नव्हता, तो म्हणाला, "बाई, तो फाशी झाली तेव्हा घरचे लोक कुठं होते?" ‘ती फाशी’ असं मी त्याला सुधारून सांगणार होते. तीन आकडे मोजले आणि नाही सुधारलं.

हे मिळालेल्या चिठ्ठ्यांचं. पण बुकाचा खरा गुण मला दिवाळीच्या सुट्टीत कळला, आणि म्हणून मी हे लिहायला बसले.

सुट्टीत कपाट आवरताना माझं पहिलं बुक हाती आलं. माझ्याकडे उरलेल्या गुलाबी प्रती, चौदा. सलग वाचल्या. विज्ञानाच्या मॅडमना: फळ्यावर डावीकडून सुरुवात करावी. हिंदीच्या सरांना: फळ्यावरची अक्षरं शेवटच्या बाकावरून दिसत नाहीत. गणिताच्या सरांना: फळ्याचे दोन भाग करावेत. चौदापैकी नऊ चिठ्ठ्यांत ‘एक गोष्ट’ म्हणून फळाच होता. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेचं सुविचार लिहायचं काम माझ्याकडे आहे, गॅदरिंगचे फलक माझ्याकडे आहेत. चार माणसांच्या वर्गांत बसून मी नऊ वेळा स्वतःचंच अक्षर बघून आले होते. गणिताच्या सरांच्या वर्गात मुलं फळ्याशी येऊन एकमेकांची चूक शोधतात, अख्खा वर्ग उभा राहून वाद घालतो, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. फळ्याचे दोन भाग करावेत. बास.

पांढरी चिठ्ठी ज्याची त्याच्याकडे जाते, फार तर पर्समध्ये चार दिवस राहते. गुलाबी माझ्याकडे राहते आणि माझ्याबद्दल बोलते. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं खाली सरकून जातं, फॉर्म मालकिणीच्या मोबाइलमध्ये राहतो, तोंडी सांगितलेलं दोघंही आपापल्या सोयीने आठवतात. बुकात कार्बनने उमटलेलं खोडता येत नाही. पांढऱ्यावर खोडाखोड केली तरी गुलाबीवर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही एकावर एक दिसतं. माझ्या एका चिठ्ठीत ‘वर्ग विस्कळीत’ खोडून ‘वर्ग उत्साही’ केलंय. घेणाऱ्याने ‘उत्साही’ वाचलं असेल. मला आजही दोन्ही वाचता येतं.

मी हे सगळ्यांना सांगितलं, आणि मग आम्ही प्रत्येकाने आपापल्या गुलाबी प्रती वाचल्या. विज्ञानाच्या मॅडमच्या बुकात सतरापैकी सोळा ठिकाणी ‘छान’ निघालं. त्या स्वतःच हसत सुटल्या. हिंदीच्या सरांनी त्यांना काय सापडलं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चिठ्ठ्या आखूड झाल्या.

आता तक्रारी, कारण ६० रुपयांत सगळं चांगलं मिळत नाही.

सोबत येणारे कार्बन हलके आहेत. पंधराएक चिठ्ठ्यांनंतर गुलाबीवरचं अक्षर पुसट होतं, वेगळे चांगले कार्बन घेऊन ठेवा. जेल पेनने लिहू नका, दाब पडत नाही, साधं बॉलपेन लागतं. कार्बनची चकाकती बाजू खाली ठेवायची. मी एकदा उलटा घातला तर गुलाबी पान कोरं आणि पांढऱ्याच्या पाठीवर उलटी अक्षरं. ती चिठ्ठी मॅडमनी आरशात धरून वाचली. मार्च संपला की आणखी एक वैताग. कार्बनवरचा थर मेणकट असतो, सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडून गेला की तो बोटाला लागतो, बोटाचा साडीला लागतो. फिकट रंगाच्या साडीच्या दिवशी निरीक्षणाला जाऊ नका एवढंच सांगते.

या वैतागाने दुसरं बुक मी बिनकार्बनचं आणलं, ११० रुपयांचं. त्यात पांढऱ्या पानाच्या पाठीवर रंगाच्या अगदी बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या कुप्या असतात, पेनच्या दाबाने त्या फुटतात आणि खालच्या पानावरच्या थराशी मिळून अक्षर उमटतं. हात स्वच्छ, अक्षर सुबक. पण दाब कुठे थांबायचा हे त्याला कळत नाही, म्हणून लिहिताना खाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवावी लागते, आणि या बुकाची पट्टी पहिल्या आठवड्यातच निखळली. आमच्या पाचांतला एक शिक्षणसेवक आहे, म्हणजे नवा, अजून कायम न झालेला शिक्षक. मी त्याला चिठ्ठी लिहिली, ‘आवाज चढला की विषय सुटतो.’ ती खालच्या जोडीवर फिकट उमटली. दुसऱ्या दिवशी त्याच जोडीवर मी विज्ञानाच्या मॅडमची चिठ्ठी लिहिली. मॅडमना माझ्या बुकातल्या गुलाबी प्रतीवर आपल्या चिठ्ठीमागे दुसऱ्याची सावली दिसली. त्यांनी मधल्या सुट्टीत त्या पोराला आपुलकीनेच विचारलं, "काय रे, आवाज चढतो म्हणे तुझा?"

तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्टाफरूममध्ये सांगायला नको होतं." मी बुक उघडून सावली दाखवली. त्याला पटलं की नाही, कुणास ठाऊक. माफी मागितली. पण त्यातून एक लक्षात आलं. त्याने मला दिलेल्या तीनही चिठ्ठ्या ‘खूप छान, मार्गदर्शक’ अशा होत्या. शिक्षणसेवकाची तीन वर्षं पूर्ण व्हायची असतात, त्याला शाळेत कुणालाच नाही म्हणणं परवडत नाही, आणि मी त्याला ‘मोकळेपणाने लिही’ म्हणत होते. आता क्रम उलटा केलाय. आधी तो माझ्या तासाला बसतो, तीन वेळा, फक्त ‘नग’ रकाना भरतो, शेरा लिहायचाच नाही. त्यानंतर मी त्याच्या तासाला. त्याच्या परवाच्या चिठ्ठीत आहे: ‘मुलींना प्रश्न: ४. मुलांना: १३.’ बावीस वर्षांत हे मला कुणी मोजून दाखवलं नव्हतं. मोजायला शिकलेल्या माणसाला आता धीरही आलाय.

ट्रिप्लिकेट बुकसुद्धा मिळतं, पांढरं, गुलाबी आणि पिवळं. ते घेऊ नका. आम्ही काय करतो ते वर कळलं, उपक्रम चांगला आहे, मग एक प्रत फाइलला लावा, असा निरोप आला. महिनाभर आम्ही ट्रिप्लिकेट वापरलं. पिवळी प्रत कुठे जाणार हे माहीत असल्यामुळे पहिल्या दिवसापासून भाषा बदलली. ‘अध्यापन प्रभावी. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक.’ गणिताच्या सरांनी मला लिहिलं, ‘फळ्याचा वापर योग्य.’ मी ती चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि आम्ही दोघं बी.एड.च्या पोरांसारखे हसलो. भांडण झालं ते यावरूनच. शेवटी तोडगा असा निघाला की फाइलला तारीख आणि वर्ग यांची यादी जाईल, मजकूर नाही. यादी महिन्याच्या महिन्याला जाते. कुणी उघडून बघत असेल असं वाटत नाही.

तिसरं बुक पुन्हा त्याच दुकानातून, पुन्हा कार्बनचं, पुन्हा ६० रुपये. यावेळी कार्बन बरे निघाले, पण पान ३१ ते ३८ची टिंबांची रेघ नीट पडलेली नाही. फाडताना पांढऱ्या पानाचा उजवा कोपरा बुकातच राहतो. ३४ नंबरच्या चिठ्ठीत नेमका ‘एक गोष्ट’चा शेवट त्या कोपऱ्यात होता.

तारे देत नाही. का, ते वर सांगितलंय.

परवा खडू घ्यायला नवी पेठेत गेले तेव्हा बुक सोबत होतं. काकांना तोंडी सांगण्याऐवजी तिथेच काउंटरवर चिठ्ठी फाडली. मालाचा तपशील: टिंबांची रेघ. नग: ८ पाने, ३१ ते ३८. उजवीकडून फाटत नाही. पुढच्या मालात तपासून घ्यावी. काकांनी चिठ्ठी लांब धरून दोनदा वाचली, गल्ल्याच्या काचेखाली सरकवली आणि म्हणाले, "सांगतो छापणाऱ्याला." मग खडूचे पैसे परत देताना विचारलं, "बाकी बरं हाय न्हवं मॅडम, बुक?"

मी गुलाबी प्रत बघितली. ‘जमलं’ची ओळ मी लिहिलीच नव्हती.